पेटी ऑफिसरचा चीफ होताना

हर्णै-दापोलीकडं 'नेव्हीत होतो' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीत?" बोटीवर जाणारे आमच्याकडं घरटी एक. त्यामुळं नेव्ही म्हणजे मर्चंट नेव्ही, डॉलरचा पगार आणि सहा महिन्यांनी घरी, हे गणित पक्कं. भारतीय नौदल म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "म्हणजे कॅप्टन?" नाही हो, मास्टर चीफ पेटी ऑफिसर. इथं समोरच्याचा चेहरा कोरा होतो. देशावर बरं असतं. साताऱ्याकडं सुभेदार मेजर म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळं 'नेव्हीतला सुभेदार मेजर' एवढ्यावर भागतं आणि वर चहाही मिळतो.

नाविकाची चढण अशी असते: सीमन सेकंड क्लास, सीमन फर्स्ट क्लास, लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर, मग मास्टर चीफ सेकंड क्लास आणि शेवटी मास्टर चीफ फर्स्ट क्लास. सैन्याच्या हिशेबात पेटी ऑफिसर म्हणजे हवालदार, चीफ म्हणजे नायब सुभेदार. ऑफिसर लोकांची शिडी निराळी, ते केरळातल्या एझिमलाच्या अकादमीतून येतात. नाविकांतूनही काही जण परीक्षा देऊन त्या शिडीवर उडी मारतात, पण ते थोडे. बाकीच्यांचा कळस म्हणजे मास्टर चीफ, आणि नशीब जोरावर असेल तर नोकरीच्या शेवटी 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टच्या यादीत मानद सबलेफ्टनंट, मानद लेफ्टनंट.

या सगळ्या पायऱ्यांत अवघड कोणती असं विचारलं तर बहुतेक जण लीडिंगची म्हणतील, कारण तिथं परीक्षा पहिल्यांदा डोक्यावर बसते. मला विचाराल तर पेटी ऑफिसरवरून चीफची. पेटी ऑफिसरपर्यंत माणूस स्वतःच्या कामावर चढतो. मी सीमन ब्रँचचा, रडार प्लॉटर. ऑपरेशन्स रूमच्या अंधारात स्क्रीनसमोर बसायचं, हिरवे ठिपके ओळखायचे, बेअरिंग आणि अंतर बिनचूक सांगायचं. ठिपका ओळखता आला की तुम्ही चांगले. चीफ झाल्यावर तुम्हाला ठिपका ओळखता येतो का हे कुणी विचारत नाही. तुमच्या पोरांना येतो का, आणि येत नसेल तर ते तुम्ही वर केव्हा सांगितलंत, एवढंच विचारतात. 'वर सांगणं' हा भाग कुठल्याच परीक्षेत नसतो.

भरतीचं फार सांगत नाही. 1990 च्या दशकाची सुरुवात, ओडिशातलं आय.एन.एस. चिल्का, सरोवराच्या काठी परेड ग्राउंड, मरणाचा उकाडा, नंतर कोचीला ब्रँचचं ट्रेनिंग आणि मग जहाजं. प्रत्येक नाविकाची गोष्ट इथवर सारखीच असते.

बढतीचा मार्ग मात्र सांगायला हवा, कारण बाहेरच्यांना वाटतं की जहाजाचा कॅप्टन खूश झाला की बढती. कॅप्टनच्या हातात त्यातलं थोडंच असतं. जहाज लढतं, गस्त घालतं ते फ्लीटच्या हुकमानं. आमच्या बाजूला वेस्टर्न फ्लीट, त्याचा कमांडर रिअर ॲडमिरल, त्याच्या वर मुंबईत वेस्टर्न नेव्हल कमांडचा प्रमुख व्हाइस ॲडमिरल, आणि त्याच्या वर दिल्लीत नौदलप्रमुख. अशाच दुसऱ्या दोन कमांड, विशाखापट्टणमला ईस्टर्न आणि कोचीला सदर्न, ज्यातली कोचीची मुख्यतः ट्रेनिंगची. पण त्या जहाजावरची नाविक माणसं येतात मानखुर्दहून. तिथं ब्युरो ऑफ सेलर्स आहे, एका कमोडोरच्या हाताखाली. कोणाचा ड्राफ्ट, म्हणजे बदली, कुठं, कोण बढतीच्या रोस्टरवर, कोणाची कागदपत्रं अपुरी, सगळं तिथं. नाविकाच्या बायकोला नौदलप्रमुखाचं नाव माहीत नसेल, मानखुर्द माहीत असतं. माझी बायको तर देवाला हात जोडताना 'या वेळी मुंबईच दे' म्हणायची, ते देवाला होतं की ब्युरोला, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कॅप्टनला त्यामुळं माणसं निवडता येत नाहीत, जी आली त्यांच्यावर जहाज चालवावं लागतं. आणि माणसं कशी आहेत हे त्याला कळतं ते दरवर्षी लिहिल्या जाणाऱ्या गोपनीय अहवालातून नव्हे, तर रोज सकाळी त्याच्या एक्झिक्युटिव्ह ऑफिसरला, म्हणजे एक्सोला, कुणीतरी येऊन सांगतं त्यातून. तो कुणीतरी म्हणजे चीफ.

चीफच्या रोस्टरवर नाव वर सरकू लागलं तेव्हा मला कोइम्बतूरला पाठवलं, आय.एन.एस. अग्रणीत. नाविकांना नेतृत्वाचं शिक्षण देणारी ही संस्था समुद्रापासून इतकी लांब आहे की तिथं मासळीसुद्धा शिळी मिळते. आमच्या कोकण्यांची पहिली तक्रार तीच. वर्गात तऱ्हेतऱ्हेच्या ब्रँचची माणसं: स्टोकर, कुक, रायटर म्हणजे कारकून, गनरीवाले, एक पाणबुड्या. भाषणं द्यायला लावायचे, खोटी रिक्वेस्ट लिहायला लावायचे, एखादा प्रसंग देऊन 'आता तू काय करशील' म्हणायचे. इतकी वर्षं हुकूम झेलणाऱ्या माणसाला 'तू काय करशील' हा प्रश्नच परका. आमच्यातला एक आडदांड गनर, तोफेच्या आवाजाला न बिचकणारा, पाच मिनिटं बोलायला उभा राहिला आणि घामानं भिजला.

तिथंच एका संध्याकाळी 1946 च्या नाविकांच्या उठावावर बोलणं निघालं. 18 फेब्रुवारीला मुंबईच्या 'तलवार' या सिग्नल स्कूलमधल्या नाविकांनी जेवण नाकारलं आणि बघता बघता 78 जहाजं आणि 20 किनारी तळांवर वणवा पसरला. शाळेत आपण त्याचा स्वातंत्र्यलढ्याचा भाग शिकतो, तो बरोबरच आहे. पण आम्ही त्या खोलीत बसलेले सगळे पेटी ऑफिसर, आम्हाला त्यातलं दुसरं दिसत होतं. जेवण निकृष्ट होतं, बोलणं अपमानाचं होतं, आणि हे महिनोन्महिने सगळ्या मेसडेकला, म्हणजे खालच्या पोरांना, माहीत होतं. वरच्यांपर्यंत ते पोचलंच नाही म्हणावं, तर पोरांनी तक्रारी केल्या होत्या. ऐकून घेणारं कुणी नव्हतं. आमच्यातला रायटर म्हणाला, "रिक्वेस्ट फॉर्म वाटेत कुठंतरी अडकला." आम्ही हसलो, पण तो विनोद करत नव्हता.

चीफ झालो ते कॅप्टनच्या टेबलासमोर. टेबल म्हणजे खरंच टेबल, त्यावर हिरवं कापड. रिक्वेस्टमन आणि डिफॉल्टर दोघंही याच टेबलासमोर येतात, फरक टोपीचा. काही मागायला आलेला टोपी घालून सॅल्यूट करतो, गुन्ह्यात आलेल्याला 'ऑफ कॅप' होतं. बढतीही रिक्वेस्टच्याच रांगेत. माझ्या पुढं एक पोरगा लग्नाच्या रजेसाठी उभा होता, मागं एक जण दाढी ठेवण्याच्या परवानगीसाठी. कॅप्टन म्हणाले, "कॉन्ग्रॅच्युलेशन्स, चीफ," हात मिळवला, आणि शिस्त बघणाऱ्या मास्टर ॲट आर्म्सनं पुढचं नाव पुकारलं.

त्याच जहाजावर माझा चिल्काचा बॅचमेट पेटी ऑफिसर होता. एका बराकीत, एका ताटात खाल्लेलं. आजारपणात तो खालच्या मेडिकल कॅटेगरीत गेला आणि रोस्टरमध्ये मागं राहिला. पोरांसमोर तो मला 'चीफ' म्हणायचा, रात्री वरच्या डेकवर सिगारेट ओढताना 'भावड्या'. हे त्यानंच ठरवलं, मला विचारलं नाही, आणि मी आजवर त्याचा ऋणी आहे. असं न जमणारे खूप पाहिलेत. बढती मिळालेला एकाएकी ताठ होतो, नाही तर उलट, जुन्या दोस्तांची ड्यूटी कापत बसतो. पोरांना दोन्ही गोष्टी दोन दिवसांत कळतात.

पुढचा ड्राफ्ट आला तो साधारण अडीचशे माणसांच्या एका फ्रिगेटवर, चीफ बोसन्स मेट म्हणून. जहाजावर त्याला कुणी या नावानं हाक मारत नाही, बफर म्हणतात. दोर, साखळ्या, नांगर, बोटी, रंग, वरचा डेक हे त्याचं खातं, पण खरं खातं म्हणजे हात. सकाळी 'बोथ वॉचेस'ला, म्हणजे दोन्ही पाळ्यांची, माणसं फॉल-इन झाली की कुठल्या कामाला किती हात द्यायचे हे बफर वाटतो. प्रत्येक खात्याला माणसं हवी असतात, इंजिनवाल्यांना वेगळी, गनरीवाल्यांना वेगळी, आणि माणसं तेवढीच. बफर थेट एक्सोला बांधील. एक्सो कमांडर हुद्द्याचा, कॅप्टनच्या खालोखाल.

चार्ज देणारे मास्टर हरियाणाचे, लग्नातल्या बँडवाल्यासारख्या मिशा. होसर मोजले, शॅकल मोजली, लाइफजॅकेटच्या तारखा बघितल्या, पेंट लॉकरमधले डबे उघडून हलवले. हे दोन दिवसांत उरकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक वही काढली. साधी, शंभरपानी. त्यात प्रत्येक पानावर एक नाव, हिंदी-इंग्रजीची खिचडी. 'मास्टवर चढतो, पण जेवून नाही.' 'पोहायला भितो, कबूल करणार नाही.' 'बाप दारुडा, पगार आईच्या खात्यावर टाकायला लाव.' 'सकाळी बोलू नये.' एका पानावर फक्त 'अच्छा लडका, बिगाडना मत' एवढंच. सही करायच्या कागदांत ही वही कुठंच नव्हती. मी ती घेतली, पुढं माझी स्वतःची केली.

समुद्रावरची गोष्ट एकच सांगतो, कारण चीफ म्हणजे काय ते तिथं नजरेला दिसतं. चालत्या जहाजातून दुसऱ्या चालत्या जहाजात तेल घेणं, म्हणजे आमच्या भाषेत रास. टँकर आपला सरळ चाललेला असतो, 12 ते 14 नॉटनं. आपलं जहाज मागून येऊन त्याच्या बाजूला लागतं, मध्ये 40-50 मीटर पाणी. ते मधलं पाणी चेपलं जातं आणि उसळत राहतं, जणू भातावरचं झाकण. बंदुकीतून बारीक दोर पलीकडं जातो, त्यामागं जाड दोर, मग त्याहून जाड, आणि मग तेलाचा पाइप. अंतर दाखवणारी रंगीत निशाणांची दोरी दोन्ही जहाजांत ताणून धरलेली, ब्रिजवरचा कॅप्टन तिच्यावर डोळा ठेवून अर्ध्या अर्ध्या अंशानं सुकाणू सांगत असतो. हे चालतं तासन्‌तास. ताणातला दोर तुटला तर चाबकासारखा मागं येतो, मध्ये पाय आला तर पाय जातो.

आमच्या हर्णैच्या नानांची मच्छीमार होडी होती, ते तांडेल. जाळं ओढताना सगळ्यात पुढचा हात त्यांचाच असे, आणि खलाशी त्यांना त्यासाठीच मानत. मी तेच बघून वाढलेलो. रासच्या वेळी दोर अडखळला की माझे हात आपोआप पुढं होत. पण बफरनं दोराला हात लावला की त्याची नजर दोरावर जाते, आणि पलीकडं बाइटमध्ये, दोराच्या वळशात, उभं राहिलेलं पोर दिसायचं राहतं. म्हणून चांगला बफर रासच्या वेळी हात मागं बांधून उभा असतो. ब्रिजवरून बघणाऱ्या नव्या ऑफिसरला तो आळशी वाटतो. मी डेकवरच्या ब्रीफिंगमध्ये एक गोष्ट दरवेळी सांगायचो: 'अव्हास्ट' कुणीही ओरडलं, अगदी काल आलेल्या सीमननंही, तरी सगळ्यांनी हात थांबवायचे, कारण विचारायचं ते नंतर. एकदा एका सेकंड क्लासच्या पोरानं उगाचच ओरडून सगळं थांबवलं. त्याला वाटलं दोर सटकतोय, सटकत नव्हता. टँकरवरून कुत्सित विचारणा आली. मी पोराला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. दिली नसती तर पुढच्या वेळी खरंच सटकताना तो गप्प बसला असता.

रोजच्या धबडग्यात मात्र रासपेक्षा ड्यूटी रोस्टर जड. ऑगस्ट-सप्टेंबर आला की बफरच्या कपाळावर आठ्या. गणपती, ओणम, मग दुर्गापूजा, दिवाळी, छठ. कोकणातल्या पोराला गणपतीला घरी जायचंय, आणि मल्याळी पोरालाही नेमकं त्याच पंधरवड्यात. दोघांना एकदम सोडलं तर फोक्सलवर, म्हणजे पुढच्या डेकवर, दोर कोण धरणार? मी यादी लटकवायच्या आधी मेसमध्ये जाऊन बसायचो, दोन्ही बाजूंचे म्होरके बोलवायचो आणि सांगायचो, तुम्हीच वाटून घ्या. वाद व्हायचा, पण त्यांच्या त्यांच्यात व्हायचा, आणि एकदा ठरलं की कुणाची तक्रार टेबलापर्यंत जात नसे. एक वर्ष पोरांनी स्वतःच असा तोडगा काढला की गणपतीला मल्याळी पोरं जहाजावर थांबली आणि मराठी पोरांनी येताना त्यांच्यासाठी डबाभर मोदक आणायचे. मोदक रेल्वेत आंबले. तोडगा टिकला.

खालून वर जाणारी गोष्ट कशी न्यायची हेही शिकावं लागतं. एकदा आम्ही लांबच्या सरावाहून मुंबईत शुक्रवारी परत आलो आणि सोमवारी फ्लीट कमांडरचं इन्स्पेक्शन लागलं. एक्सोंनी संपूर्ण शिपसाइड, म्हणजे जहाजाच्या दोन्ही कुशी, शनिवार-रविवारात रंगवायला सांगितल्या. मी 'आय आय, सर' म्हटलं. डेकवर, माणसांसमोर दुसरं काही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. मग जेवणानंतर त्यांच्या केबिनचं दार वाजवलं. पोरं वॉचवर वॉच करून आलीयत, झोप झालेली नाही, अशा माणसांना दोरीच्या फळीवर बसवून बाहेर लोंबकळत रंगवायला लावलं तर कुणीतरी पाण्यात जाईल, असं सरळ सांगितलं. एक्सो गप्प. नुसती अडचण घेऊन वर जायचं नाही, सोबत वाट न्यायची, हे अग्रणीत न शिकवताही कळतं. मी म्हणालो, जेट्टीच्या बाजूची कूस रंगवू. ॲडमिरल जेट्टीवरूनच येणार, आणि तिकडं जेट्टीवर उभं राहून लांब काठीच्या रोलरनं रंगवता येतं, लोंबकळायचं काम थोडं. शनिवारी एक वॉच, रविवारी दुसरा, बाकीच्यांना लिबर्टी, म्हणजे बाहेर जायची सुट्टी. एक्सो थोड्या वेळानं म्हणाले, "आणि त्यांनी बोटीतून यायचं ठरवलं तर?" मी म्हणालो, "मग सर, आपण दोघंही डिफॉल्टर." ते हसले. ॲडमिरल जेट्टीवरूनच आले.

प्रत्येक वेळी असं जमत नाही. काही एक्सो ऐकत नाहीत, आणि काही चीफ वरच्याला आवडेल तेवढंच सांगतात. दुसऱ्या प्रकारचे जास्त धोक्याचे. वाईट ऑफिसर ड्राफ्टवर जातो, पण गोड बोलणाऱ्या चीफमुळं लागलेली सवय जहाजावर राहते.

ऑक्टोबर 2008 पासून चाचेगिरी रोखायला नौदलाचं एक तरी जहाज एडनच्या आखातात असतं. आमची पाळी आली तेव्हा एक प्रसंग घडला. जहाज व्यापारी जहाजांच्या काफिल्याबरोबर चाललेलं. मुंबईहून सिग्नल आला की बंगालच्या एका पोराचे वडील वारले. पोरगं माझ्याच डिव्हिजनचं, पहिलंच जहाज. सिग्नल कॅप्टनकडं, तिथून एक्सोकडं, एक्सोंनी डिव्हिजनल ऑफिसरला बोलावलं, पंचवीसएक वर्षांचा लेफ्टनंट. सांगायचं काम त्याचं. तो माझ्याकडं आला आणि हळूच म्हणाला, "चीफ, काय बोलू?" मी म्हटलं, "नाव घ्या आणि सरळ सांगा, सर. फिरवून सांगितलं की तो वाक्य संपायच्या आत सगळं समजतो आणि मग तुमचं बोलणं ऐकत नाही." त्यांनी तसंच केलं. मी शेजारी उभा.

घरी पाठवणं शक्य नव्हतं. पुढचं बंदर ओमानातलं सलालाह, तेही बऱ्याच दिवसांनी, तोवर क्रियाकर्म होऊन गेलं असतं. थोरला भाऊ घरी होता हे वहीत होतं, ते कामाला आलं. सॅटेलाइट फोनवर त्याच्याशी बोलणं करून दिलं. मग पोरानं एकच गोष्ट विचारली: अशौचात दाढी करायची नसते, पण नौदलात परवानगीशिवाय दाढी वाढवता येत नाही, मी काय करू? त्या परिस्थितीत त्याच्या डोक्यात नियम होता! मी तिथंच रिक्वेस्ट फॉर्म भरला, लेफ्टनंटनी शिफारस लिहिली आणि एक्सोंनी टेबलाची वाट न बघता सही केली. गॅलीतल्या कुकला सांगून आतप, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाचा साधा भात तुपासोबत वेगळा शिजवायची सोय केली. कुक तेलुगू, त्याला हविष्यान्न वगैरे ठाऊक नव्हतं, त्यानं दुसऱ्या बंगाल्याला विचारून केलं. वॉच बदलू का असं मी पोराला विचारलं. तो म्हणाला, नको, वॉचवर बरं वाटतं. फक्त त्याच्या जोडीला बंगाली बोलणारा दुसरा पोरगा ठेवला. त्या दोन आठवड्यांत दाढी वाढलेल्या त्या पोराला नव्या ड्यूटी ऑफिसरनं हटकलं असतं, म्हणून सगळ्या पेटी ऑफिसरना आधीच सांगून ठेवलं होतं. कुणी हटकलं नाही.

मास्टर चीफचं बोर्ड, म्हणजे बढतीची निवड, झालं ते नंतर. तिथं अहवाल बोलतात, माणूस समोर नसतो, त्यामुळं त्यात सांगण्यासारखं काही नाही. निकाल सिग्नलनं आला, त्यात माझं नाव होतं, मेसमध्ये मी सगळ्यांना चिकन खाऊ घातलं. मास्टर चीफ फर्स्ट क्लास त्यानंतर काही वर्षांनी. हुद्दा वाढला तसा समुद्र कमी होत गेला आणि कागद वाढत गेले, हे सगळ्याच नोकऱ्यांत होत असावं.

शेवटची पोस्टिंग चिल्काची, इन्स्ट्रक्टर म्हणून. तिथं असतानाच अग्निपथ, म्हणजे चार वर्षांच्या भरतीची योजना, आली. 28 मार्च 2023 ला अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, सुमारे 2,600 जण, त्यात पावणेतीनशेच्या आसपास मुली, आणि परेड पहिल्यांदाच सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात झाली. मुली नाविक म्हणून येणार याबद्दल आमच्या मेसमध्ये आधी जी चर्चा झाली ती इथं लिहिण्यासारखी नाही. आल्यावर दोन महिन्यांत चर्चा बंद झाली, कारण ड्रिलमध्ये त्यांच्या रांगा मुलांपेक्षा सरळ येऊ लागल्या.

चार वर्षांच्या मुदतीचं माझं मत विचाराल तर पूर्ण उलटंही नाही आणि पूर्ण बाजूनंही नाही. पोरं चपळ येतात, कॉम्प्युटर त्यांना हातासरशी जमतो, आणि पक्कं व्हायचं असल्यामुळं जीव तोडून काम करतात. पण चीफ चार वर्षांत होत नाही. पंचवीस टक्के राहतील, त्यातूनच पुढचे चीफ निघणार, आणि दर चार वर्षांनी बदलणाऱ्या बाकीच्यांची नावं आणि स्वभाव ध्यानात ठेवायचं काम त्यांच्यावर पडणार. आमच्या वेळी एका वहीत मावायचं. आता वही जाड लागेल. बढतीच्या बोर्डावरही माणसं ध्यानात ठेवण्याचं हे काम मोजायला हवं असं मी दोन-तीनदा वर लिहूनही दिलं.

परेडच्या काही आठवडे आधी विदर्भातली एक पोर, मराठी ऐकून धीर आलेली, संध्याकाळच्या गेम्सनंतर मला थांबवून म्हणाली, "सर, चीफ व्हायला किती वर्षं लागतात?"

म्हटलं, "पंधरा-सोळा धर."

"आणि आम्ही चारच वर्षांच्या."

"चौघांतला एक राहतो," मी म्हणालो. "पण तुझी पोहण्याची परीक्षा राहिलीय ना? ती आधी पास हो, उद्या सकाळी साडेपाचला तलावावर ये."

ती सव्वापाचलाच आली होती.